पिठातल्या किड्याचे अंडे

पावसाळ्याच्या दिवसांत रव्याचा डबा उघडावा आणि आत बारीक तांबूस किड्यांची पळापळ दिसावी, हा अनुभव तुमच्या घरालाही नवा नसेल. आई चडफडते, रवा चाळते, चाळणीत राहिलेले किडे बाहेर टाकते. हा किडा म्हणजे पिठातला तांबडा भुंगेरा. ‘ट्रायबोलियम कॅस्टॅनियम’ हे त्याचे शास्त्रीय नाव. लांबी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर! किडे चाळणीत अडकतात खरे, पण त्यांची अंडी बहुधा अडकत नाहीत. ती मिलिमीटरभरही लांब नसतात. शिवाय ती चिकट असल्याने पिठाचे कण त्यांना सर्व बाजूंनी चिकटतात आणि अंडे पिठात पीठ होऊन राहते.

उबदार हवेत तीन-चार दिवसांत या अंड्यातून अळी बाहेर पडते. तिला डोके आहे, सहा पाय आहेत, मागे एकामागून एक वलये असलेले पोट आहे. आता प्रश्न असा, की अंड्याच्या कोणत्या टोकाला डोके करायचे हे ठरवतो कोण?

सुरुवात आईच्या अंडाशयातच होते. तेथे पोषक पेशींचा एक पुंजका असतो आणि बारीक दोऱ्यांसारख्या नलिकांनी तो वाढत्या अंड्यांना जोडलेला असतो. या नलिकांतून अन्नद्रव्यांबरोबरच आईच्या जनुकांच्या नकला, म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए., अंड्यात येऊन पडतात. प्रवासाला निघालेल्या मुलाला आईने शिदोरीबरोबर चिठ्ठीही द्यावी, तसेच हे. कारण पहिले काही तास भ्रूणाची स्वतःची जनुके बहुतेक गप्पच असतात. सगळा कारभार आईच्या चिठ्ठीवर चालतो.

या काळात अंड्यात एक गंमत घडते. केंद्रकाची दोन केंद्रके होतात, दोनाची चार, चाराची आठ. पण त्यांच्यामध्ये पेशींच्या भिंती उभ्या राहत नाहीत! गणित करून पाहा. अशा दहा फेऱ्यांत हजाराच्या वर केंद्रके होतात, आणि ती सारी एकाच मोठ्या खोलीत. मग ती अंड्याच्या पृष्ठभागाकडे सरकतात, त्यांच्याभोवती पेशीपटले तयार होतात, भ्रूणाची स्वतःची जनुके जागी होतात आणि आईचे जुने संदेश हळूहळू नष्ट होतात.

फळमाशीच्या अंड्याचा अभ्यास याच्या आधी पुष्कळ झाला होता. त्यासाठी १९९५ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिकही मिळाले. माशीच्या अंड्यात पुढच्या टोकाला ‘बायकॉइड’ नावाच्या जनुकाचा संदेश साठवलेला असतो व त्यामुळे तेथे डोके होते. सर्व कीटकांत असेच असणार, असे कोणालाही वाटेल. पण भुंगेऱ्यात बायकॉइड सापडलेच नाही! २००८ साली त्याची संपूर्ण जनुकसंपदा वाचून झाली, त्यातही ते नाही. ज्या जनुकावाचून माशीला डोके फुटत नाही, त्याच्यावाचून भुंगेऱ्याचे बिनबोभाट चालते. भुंगेऱ्याच्या अंड्यात पुढच्या टोकाला ‘ॲक्सिन’ या दुसऱ्याच जनुकाचा संदेश आढळतो, असे २०१२ साली दिसून आले.

हे कळले कसे? मादी कोषात असताना किंवा मोठी झाल्यावर तिच्या शरीरात दुपेडी आर.एन.ए. टोचतात. तो ज्या जनुकाशी जुळतो, त्या जनुकाचे संदेश नष्ट होऊ लागतात, आणि हा परिणाम तिच्या अंड्यांपर्यंत पोहोचतो. टोचायचे आईला आणि पाहायचे पिल्लात! ॲक्सिनचा संदेश असा पुसला, की भ्रूणाचे डोके व पुढचा भाग धड घडत नाही.

पोटाची वलये कशी होतात, तेही ऐकण्यासारखे आहे. माशीत सारी वलये जवळजवळ एकदमच आखली जातात. भुंगेऱ्यात आधी डोके व छाती आखली जाते, मग मागच्या टोकाकडून एकेक वलय वाढत जाते. तेथे ‘ऑड-स्किप्ड’ नावाचे जनुक घड्याळाच्या लंबकासारखे चालू-बंद होत असते. ३० अंश सेल्सियस तापमानाला एका फेरीस सुमारे ९५ मिनिटे लागतात आणि प्रत्येक फेरीत दोन वलये पदरात पडतात. कोंबडीच्या पिल्लात पाठीचे मणके ज्यांपासून होतात ते खंडही अशाच घड्याळावर, सुमारे ९० मिनिटांना एक, या हिशेबाने पडतात. कुठे कोंबडी आणि कुठे किडा!

आता पुन्हा डब्याकडे वळू. रवा किती कोरडा असतो! त्यात एवढेसे अंडे वाळून कसे जात नाही? भ्रूणाभोवती ‘सेरोसा’ नावाचे पातळ आवरण तयार होते. त्यासाठी भ्रूणाचे स्वतःचे ‘झेन-१’ हे जनुक जागे व्हावे लागते. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे जनुक गप्प केले. दमट हवेत त्या अंड्यांचे फारसे बिघडले नाही. कोरड्या हवेत मात्र फारच थोडी उबली. धान्य कोरडे ठेवूनही ही कीड का हटत नाही, याचे एक कारण या पापुद्र्यात दडलेले आहे.

तुमच्या शाळेत भिंग असेल तर एक प्रयोग करा. मैदा सर्वांत बारीक चाळणीने दोनदा चाळून घ्या. त्यात वीस-पंचवीस भुंगेरे एक दिवस ठेवा आणि मग ते काढून टाका. तोच मैदा पुन्हा त्याच चाळणीतून हलक्या हाताने चाळा. वर पांढरे, लांबट कण राहिले तर ती अंडी समजा. निम्मी कोरड्या कागदावर व निम्मी ओलसर कापसाशेजारी, पण पाणी न लागेल अशी, झाकून ठेवा आणि रोज सकाळी मोजा. कोठून अळ्या आधी निघतात, किती निघतात, ते तारखेसह वहीत लिहा. आणि हो, प्रयोग संपल्यावर तो मैदा स्वयंपाकघरात परत नेऊ नका!