गावाचं बोधचिन्ह: स्पर्धा जाहीर करण्याआधी

आपल्या भागात लोगोंची काही कमतरता नाही. गणेशोत्सव मंडळाच्या टी-शर्टवर लोगो, ढोल-ताशा पथकाच्या झेंड्यावर लोगो, क्रिकेट स्पर्धेच्या फ्लेक्सवर तर चार-पाच लोगो एका ओळीत. पण अख्ख्या गावाचा लोगो म्हटला की प्रकरण वेगळं होतं. मंडळाचा लोगो आवडला नाही तर माणूस दुसऱ्या मंडळात जातो. गाव तसं बदलता येत नाही. म्हणून एखाद्या गावाचा वर्धापनदिन जवळ आला आणि कोणी उत्साहानं म्हणालं, "बोधचिन्हाची स्पर्धा ठेवूया की!", तर पोस्टर छापण्याआधी काही गोष्टी बसून ठरवाव्या लागतात. पिरनवाडीसारखं गाव डोळ्यासमोर ठेवून त्या इथे मांडतो आहोत.

चिन्हांची जुनी चाल

बोधचिन्ह ही काही कॉम्प्युटरबरोबर आलेली चीज नाही. आपल्या परिसरावर राज्य केलेल्या घराण्यांकडे दोन वेगळ्या खुणा असत. एक लांच्छन, म्हणजे ताम्रपटाच्या मुद्रेवर किंवा नाण्यावर उमटवायचं चिन्ह. दुसरी खूण ध्वजावरची. गोव्याच्या कदंबांचं लांच्छन सिंह होतं, पण त्यांच्या ध्वजावर वानर असे. वेणुग्रामातून, म्हणजे आजच्या बेळगावातून, कारभार करणाऱ्या रट्टांचा ध्वज सुवर्णगरुडाचा होता. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी. तोच अष्टकोन २०२२ साली भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजात आला.

यातून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लांच्छन हे आधी सहीचं काम करायचं. दानपत्र खरं की खोटं हे त्यावरून ओळखायचं, म्हणून ते लहान आणि ठसठशीत असे. आजचा लोगोही शेवटी पंचायतीच्या रबरी शिक्क्यापर्यंत पोचतो. त्यात डोंगर, देऊळ, शाळा, नांगर, कारखाना आणि उगवता सूर्य सगळं कोंबलं, तर शिक्क्यावर नुसता शाईचा डाग उमटतो.

पहिला प्रश्न: वर्धापन कशापासूनचं?

स्पर्धेच्या पत्रकावर "१०० वर्षे" किंवा "१५० वर्षे" असं छापलं की मोजणी कुठून सुरू केली ते सांगावं लागतं. बेळगावचंच बघा. बेळगावच्या दोन शिलालेखांवर इ. स. १२०४ चा काळ येतो. ते लेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, नगरपालिका १८५१ ची. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात. त्याची शताब्दी २०२४ मध्ये झाली. शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. म्हणजे एकाच गावाच्या पाच तारखा, आणि प्रत्येक तारखेला निघणारा लोगो वेगळा. १२०४ घेतलं तर किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या छताचं दगडी कमळ येईल. १९२४ घेतलं तर चरखा येईल.

पिरनवाडीला असा प्रसिद्ध शिलालेख हाताशी नाही, पण म्हणून तारीख हवेतून काढायची नाही. शाळेचं दप्तर, जमिनीचे जुने उतारे, देवळाच्या जीर्णोद्धाराचा दगड, पंचायतीची पहिली कागदपत्रं, जुन्या लग्नपत्रिकांवरचा पत्ता, हे सगळं आधी गोळा करायला हवं. आणि "गावाचा वर्धापनदिन" की "पंचायतीचा वर्धापनदिन" हेही स्पष्ट लिहावं. पट्टण पंचायत ही अलीकडची गोष्ट. गाव तिच्या कितीतरी आधीचं. या कामात इतिहासमंडळांचा उपयोग आहे, आणि तो स्पर्धेच्या आधी आहे. निकालाच्या दिवशी पाहुणे म्हणून जाऊन तो होत नाही.

दुसरा प्रश्न: चित्रात कोण, आणि अक्षरं कुठली?

सीमाभागात हा प्रश्न नाजूक आहे, आणि तो टाळून चालत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पिरनवाडीच्या चौकात संगोळ्ळी रायण्णांचा पुतळा उभारण्यावरून तणाव झाला, लाठीमारही झाला. अखेर दोन्ही बाजूंच्या लोकांना बसवून तोडगा निघाला. पुतळा तिथेच राहील आणि चौकाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव असेल. रायण्णांनी किती सोसलं किंवा महाराजांचं स्थान काय, हा वाद त्यात नव्हताच. चौक कुणाचा म्हणून ओळखला जाणार, हा होता. लोगोत नेमकं हेच होऊ शकतं. चौक निदान मोठा तरी असतो. लोगो दोन इंचांचा, त्यात तडजोडीला जागाच कमी.

एक मार्ग म्हणजे व्यक्तीचं चित्र न घेणं. त्याला कायद्याचंही एक कारण आहे. १९५० च्या चिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं व चित्रं आहेत. व्यापारी कामासाठी ती परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. उद्या वर्धापनाचा लोगो प्रायोजकाच्या जाहिरातीत गेला की तिथे अडचण येणार. अशोकस्तंभाच्या सिंहांसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. तो तर स्पर्धकांना पत्रकातच सांगून टाकावा, कारण दर स्पर्धेत कोणीतरी ते सिंह काढतंच.

मग काढायचं काय? गावाची जागा काढता येते. बेळगावहून येणारा रस्ता पिरनवाडीत फुटतो. एक फाटा खानापूरकडे, दुसरा जांबोटी-चोर्ल्याकडे, आणि दोन्हींचं टोक गोव्याकडे. इकडे पावसाचं मलनाड, तिकडे उद्यमबागचे कारखाने. गावाच्या नावात 'पीर' आहे आणि 'वाडी'ही आहे. दोन फाट्यांचा रस्ता हे चिन्ह कुठल्याही भाषेत वाचता येतं, आणि ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. हे फक्त उदाहरण झालं. स्पर्धक याहून चांगलं सुचवतील.

अक्षरांचं काय? देवनागरी शिरोरेषेला लटकते. कन्नड अक्षरं गोलाईची, डोक्यावर छोटं तलकट्टू असलेली. दोन्ही एकाच उंचीची लावली तर एक लिपी मोठी वाटते आणि दुसरी दबलेली, आणि बघणाऱ्याला ते लगेच टोचतं. म्हणून चिन्ह आणि नाव वेगळे ठेवावेत. चिन्ह अक्षराविना. नाव त्याच्या खाली किंवा बाजूला, कन्नड, मराठी आणि लागेल तिथे इंग्रजीत, डोळ्याला सारखं दिसेल अशा आकारात. सरकारी कागदावर भाषेचा नियम असेल तो पाळता येतो, आणि चिन्ह मात्र सगळीकडे एकच राहतं.

कॅनडानं असंच केलं. तिथे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही राजभाषा. २०१७ च्या दीडशेव्या वर्षासाठी निवडलेल्या बोधचिन्हात शब्दावर भर नव्हता. तेरा समभुज चौकोनांतून मेपलचं पान तयार केलेलं होतं. चार चौकोन १८६७ च्या मूळ प्रांतांचे, नऊ नंतर आलेल्या प्रांतांचे आणि प्रदेशांचे. प्रत्येकाला आपला तुकडा सापडतो.

तिसरा प्रश्न: स्पर्धा कशी घ्यायची?

खुल्या स्पर्धेतून चांगलं निघतं याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानासाठी देशभरातून प्रवेशिका मागवल्या, आणि निवड झाली कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांची. गांधीजींचा चष्मा, एका काचेत 'स्वच्छ', दुसऱ्या काचेत 'भारत'. निपाणीहून तासाभराच्या वाटेवर राहणाऱ्या कलाकाराचं चित्र देशाच्या नोटेपर्यंत पोचलं. त्याआधी २०१० मध्ये आधारचं बोधचिन्हही स्पर्धेतूनच आलं. सूर्य आणि अंगठ्याचा ठसा, कलाकार महाराष्ट्रातले अतुल पांडे. त्याच वर्षी ठरलेलं रुपयाचं चिन्ह डी. उदय कुमार यांचं. प्रवेशिका तीन हजारांवर होत्या, बक्षीस अडीच लाखांचं.

पण रुपयाच्या वेळी निवडीच्या पद्धतीवर आक्षेप आले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. कॅनडातही व्यावसायिक डिझायनर चिडले. विद्यार्थ्यांकडून काम घ्यायचं, बक्षीस एकाला पाच हजार डॉलर, बाकीच्यांची मेहनत फुकट, असा त्यांचा मुद्दा होता. तो आपल्यालाही लागू आहे. पन्नास पोरांनी आठवडाभर राबायचं आणि एकाला शाल-श्रीफळ, हे बरं नव्हे.

म्हणून नियम थोडक्यात असे असावेत:

१. पहिल्या फेरीत फक्त हातानं काढलेलं कच्चं चित्र आणि पाच ओळींचं स्पष्टीकरण. कॉम्प्युटरची अट नको, म्हणजे पाटी रंगवणारा पेंटरही भाग घेईल.

२. त्यातून पाच निवडावेत, पाचही जणांना मानधन द्यावं आणि मग पक्कं काम करून घ्यावं.

३. परीक्षकांसमोर नाव नको, फक्त क्रमांक. परीक्षकांत एक चित्रकार, एक इतिहासाचा अभ्यासक, दोन्ही भाषांची जाणती माणसं आणि निदान दोन बायका असाव्यात.

४. पाचही चित्रं पंधरा दिवस शाळेत किंवा पंचायतीत लावावीत, हरकती लेखी घ्याव्यात. एकही पसंत नसेल तर स्पर्धा पुन्हा घेण्याचा हक्क पत्रकातच राखून ठेवावा.

५. प्रत्येक चित्र काळ्या-पांढऱ्यात आणि एक इंचाच्या आकारात तपासावं.

६. हक्क लेखी लिहून घ्यावेत. कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नाही, तर ते पाच वर्षांपुरतंच धरलं जातं. वर्धापनाचा लोगो सहाव्या वर्षी वापरायचा झाला तर हे आठवेल. कलाकाराचं नाव मात्र कायम लागलं पाहिजे.

यातली चौथी बाब सगळ्यांत महत्त्वाची. पंधरा दिवसांत गावातली वयस्कर माणसं चित्रांसमोर उभी राहतील, "आमच्या वेळी इथं असं होतं" म्हणतील, कोणी भांडेल, कोणी जुना फोटो घेऊन येईल. ते सगळं कोणीतरी वहीत उतरवून घ्यावं. लोगो एकच निवडला जाईल, पण पिरनवाडीचा लिहून न ठेवलेला इतिहास त्या वहीत जमा होईल. स्पर्धा होवो न होवो, वही आजही सुरू करता येते.