ताम्हिणीत गाडीनं मान टाकली तर...

पावसाळ्यातल्या रविवारी पौडच्या पुढे, ताम्हिणीपर्यंत, रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागते. संध्याकाळी परतताना त्यातल्या एखादीचं बॉनेट हमखास उघडं असतं आणि भोवती सल्लागारांचं कोंडाळं. तोवर सेल्फ मारून मारून चालकानं बॅटरीत उरलेला जीवही घालवलेला असतो. आता निदानाकडे वळू.

पहिला प्रश्न एकच : इंजिन फिरतच नाही, की फिरतंय पण पेट घेत नाही?

फिरतच नसेल, तर हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे मंदावले आणि नुसती कटकट ऐकू आली, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे, त्यावर पांढरट-हिरवट थर साचला आहे. दिवे लख्ख राहून एकच ‘टक्’ आला, तर संशय स्टार्टरवर. दिवे लख्ख आणि आवाजच नाही, असं झालं तर आधी साध्या गोष्टी बघाव्यात. क्लच पूर्ण दाबलाय का? ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का?

या रस्त्यावर पहिलाच प्रकार जास्त संभवतो, कारण धुक्यात लावलेले दिवे गाडी उभी केल्यावर बंद करायचे राहून जातात. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन तासांत जवळजवळ रिकामी. शेजारी मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला जाऊन वीज तयार करतंय आणि काठावरच्या गाडीला मात्र सेल्फपुरतीही मिळत नाही!

जम्पर केबल असेल तर दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्यांची अधिक टोकं लाल वायरनं जोडावीत. काळी वायर चालू गाडीच्या ऋण टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला. बॅटरीला नाही, कारण तिच्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीनं पेट घेऊ शकतो. पेट्रोलवरची गिअरची जुनी गाडी धक्का मारूनही सुरू होते. ऑटोमॅटिकला धक्का मारणं म्हणजे फुकटचा व्यायाम.

इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, तेव्हा पेट्रोल गाडीची किल्ली ‘ऑन’वर आणून कान द्यावा. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची घरघर बहुतेक गाड्यांत ऐकू येते. ती नसेल तर फ्यूज किंवा रिले तपासावा. अनेक सीएनजी गाड्या सुरू व्हायला पेट्रोलच घेतात. टाकी कोरडी, तर गाडी ढिम्म. उंदरांनी वायरी कुरतडल्याचा प्रकारही होतो. प्रीमियर पद्मिनीच्या काळात डिस्ट्रिब्युटर कॅप फडक्यानं पुसली की काम भागायचं. आजच्या गाड्यांत ती कॅपच उरलेली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली, तर सेल्फला हातही लावू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर सरकला की कनेक्टिंग रॉड वाकतो. असं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’चं वेगळं कवच घ्यावं लागतं. तेव्हा गाडी ढकलून कडेला घ्यावी आणि टोइंगवाल्याला बोलवावं.