हाक आणि झील

चार वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांचे लग्न झाले आणि कुलाचाराप्रमाणे घरी गोंधळ घातला गेला. गोंधळी नंदुरबारकडून तापीच्या खोऱ्यातल्या आगगाडीने आले. आमचे आजोबा पोटासाठी सुरतेस आले तेही याच मार्गाने. उधन्याच्या आमच्या घरापुढे मांडव, मध्ये चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, संबळ घुमू लागलेला. वयोवृद्ध मुख्य गोंधळ्यांनी एकेका देवतेस तिच्या गावाचे नाव घेऊन हाक मारावयास प्रारंभ केला. पहिली ओळ झाली, तुणतुणेवाल्या साथीदाराने तिचा शेवट उचलला आणि म्हाताऱ्यांनी मांडवाकडे पाहिले. आता उदोकार मांडवाने करावयाचा होता. मांडव गप्प! भाचरे-पुतणे मोबाइल उंच धरून चित्रण करण्यात दंग, आणि आम्ही स्वतः, खरे सांगावयाचे तर, पंगतीच्या हिशेबात गढलेले.

त्या क्षणी वाटलेली लाज अद्याप गेलेली नाही. ती शांतता मोडली शेजारच्या गुजराती बांनी. शब्दांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. ओळीची शेवटची दोन अक्षरे कानांवर पडली तशी त्यांनी उचलली, पाठोपाठ त्यांच्या सोबतच्या चौघीजणींनी उचलली, आणि गोंधळ मार्गी लागला. दुसऱ्या दिवशी आभार मानावयास गेलो, तर बा म्हणाल्या, "एमां शुं? कोई गाय तो झीलवुं तो पडे ने!" कोणी गाऊ लागले तर झेलायला नको का?

गरब्यात एक बाई 'गवडावते', म्हणजे गाववून घेते, आणि फेरातल्या बाकीच्या ओळ 'झीलतात'. वरून पडणारी वस्तू ओंजळीत धरावी तसे हे धरणे. आपल्या शाहिरीतही झील आहे. शाहीर डफावर थाप मारून पुढे होतो. त्याच्या पाठीशी तुणतुणे आणि झांज घेऊन झीलकरी उभे असतात. कडवे संपता संपता ते शेवटचा शब्द उचलतात, 'जी जी' करीत सूर उंच नेतात, तेवढ्यात शाहिराला दम घेता येतो आणि पुढचे कडवे आठवते. तमाशाच्या फडात असा सूर धरणाऱ्याला 'सुरत्या' म्हणतात. त्याचा आमच्या शहराशी काडीचाही संबंध नाही, पण सुरतेच्या मराठी माणसाने या नावावर हक्क सांगितला तर कोणी रागावू नये.

कलगी-तुऱ्याच्या फडात ही देवघेव भांडणाच्या थराला जाते. तुरेवाले शिवाचा पक्ष घेणार, कलगीवाले शक्तीचा. एकाने कूट सवाल टाकावा, दुसऱ्याने त्याच चालीत त्याचा उलगडा करावा, आणि असे करता करता रात्र सरावी. शेतातली भलरी मात्र भांडत नाही. एकजण ओळ टाकतो आणि विळे चालवीत सगळी रांग ती उचलते. जात्यावरही तेच. समोरासमोर बसून दोघीजणी दळत असल्या तर एकीची ओवी दुसरी उचलते, आणि खुंट्यावरचे दोन हात एकाच लयीत फिरतात.

हे सारे आम्हाला नव्याने उमगले ते चिरंजीवांमुळे. त्यांना गिटारचा नाद. लग्नानंतर काही महिन्यांनी एका रात्री त्यांनी आम्हाला बळेच बसवून बी. बी. किंग या अमेरिकन कृष्णवर्णीय गवयाचे गाणे ऐकवले. 'ब्लूज' हा शब्द आमच्या कानांवरून गेला होता इतकेच. एक ओळ गायली गेली, गवई थांबला आणि गिटार बोलू लागली. तीच ओळ पुन्हा, पुन्हा गिटार. मग निराळी तिसरी ओळ, आणि शेवटचा शब्द पुन्हा गिटारचा. आमच्या तोंडून उद्गार निघाला, "अरे, ही तर झील!"

चिरंजीवांनी हिशेब समजावून दिला. चार चार मात्रांची बारा आवर्तने, तीन ओळी, प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार आवर्तने. शब्द साधारण पहिल्या दोन आवर्तनांत संपतात. उरलेली दोन मोकळी ठेवलेली असतात, आणि ती जागा उत्तराची. किंगसाहेब (जन्म १९२५, मृत्यू २०१५) गाताना सहसा वाजवीत नसत आणि वाजवताना गात नसत. दोन्ही एकदम आपल्याला जमत नाही असे ते स्वतःच सांगत. त्यांच्या गिटारचे नाव ल्यूसिल. १९४९ साली आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी नाचघरात दोघांच्या मारामारीत घासलेटची शेगडी उलटून आग लागली. बाहेर पडलेले किंग गिटारसाठी पुन्हा आत धावले. मारामारी ल्यूसिल नावाच्या बाईवरून झाली होती असे मागाहून कळले, आणि असा मूर्खपणा पुन्हा करू नये म्हणून त्यांनी तेच नाव गिटारला ठेवले! त्यांचा नातलग बुका व्हाइट तारेवर नळी घसरवून वाजवी. किंगना ते साधेना, म्हणून बोटानेच तार ओढून आणि थरथरवून ते बोलणे त्यांनी काढले. सतारीवरची मींड ऐकलेल्या कानाला त्यात परके काही वाटत नाही.

या गाण्याची मुळे आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांत आणि मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत आहेत. त्या राज्यातल्या पार्चमन तुरुंगात अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९४७-४८ मध्ये कैद्यांची श्रमगीते ध्वनिमुद्रित केली. म्होरक्याने ओळ टाकावी, बाकीच्यांनी उत्तर द्यावे आणि त्या उत्तरावर सर्वांच्या कुऱ्हाडी एकदम पडाव्यात. घाव एकत्र पडले की मागे कोण राहिला ते पहारेकऱ्याला चटकन दिसत नसे. तिथे झील म्हणजे दुबळ्याची ढाल होती.

आणि कापूस म्हणाल, तर १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा माल अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची भिस्त हिंदी कापसावर आली. त्या कापसाला तिथे सरसकट 'सुरत' हेच नाव होते. खानदेशातून येऊन इथल्या मागांवर राबणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नाते बरेच जवळचे वाटावे.

हे दोन प्रवाह प्रत्यक्ष भेटलेही. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ही ध्वनिमुद्रिका १९९३ मध्ये निघाली. दोघे गिटारवरच एकमेकांची वाक्ये उचलतात. चिरंजीव ती वरचेवर लावतात. आमच्या सौभाग्यवतींना ती पहाटे ऐकावीशी वाटते.

गरब्याला २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्याचा आनंद आम्हालाही झाला. पण मोठमोठ्या मैदानांवरचा गरबा पाहिला की मन खट्टू होते. गायिका मंचावर, तिचा आवाज यंत्रांतून सहस्रपट, खाली हजारो पावले, आणि झीलायला कोणी नाही. त्या गदारोळात झीलले तरी ऐकू कोणाला यावे? गल्लीतल्या शेरी गरब्यात मात्र जुन्या बायका अजून ओळ झेलतात. आमच्या मराठी मंडळींचेही काही निराळे नाही. घरोघरी आरतीची तबकडी लावण्याची सोय झाली. तबकडी ओळ म्हणते, उत्तरही तीच देते, आणि आम्ही हात जोडून उभे.

मध्यंतरी त्या म्हाताऱ्या गोंधळ्यांना आम्ही दूरध्वनी केला आणि झीलेच्या ओळी लिहून पाठवाल का, असे विचारले. ते हसले. "दादा, ती लिहायची नसते. मी शेवटी काय म्हणालो तेवढं ऐकायचं आणि म्हणायचं. ऐकणाराच नसला तर कागद काय करील?"

येत्या वैशाखात धाकट्या पुतण्याचे लग्न आहे. गोंधळ ठरला आहे. घरातल्या मुलांना आठवड्यातून दोनदा रात्रीच्या जेवणानंतर आम्ही गच्चीवर बसवतो. आमच्या सौभाग्यवती ओवी म्हणतात, ओळ संपली की थांबतात, आणि चिरंजीव ती गिटारवर उचलतात. पहिल्या दिवशी मुले हसली. गेल्या मंगळवारी धाकटीने गिटारच्या आधीच ओळ उचलली, थोडी बेसूर. शेजारच्या बांना आवतण गेले आहे. त्या पहिल्या रांगेत बसणार आहेत.