वकिलीतील उमेदवारी

वकिलीतील उमेदवारी म्हणजे विधी पदवीनंतर नवोदित वकिलाने अनुभवी वकिलाच्या हाताखाली अथवा विधी संस्थेत केलेले आरंभीचे काम होय.

इतिहास

अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधील सनदेपूर्वीच्या प्रशिक्षणाची तरतूद १९७३ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. भारतीय विधिज्ञ परिषदेने १९९५ मध्ये एक वर्षाचे प्रशिक्षण पुन्हा सक्तीचे केले. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते नियम रद्द ठरविले. तेव्हापासून उमेदवारी कायद्याने बंधनकारक नाही. व्यवहारात ती अटळ आहे.

निवड

उमेदवारीसाठी सामायिक प्रवेश परीक्षा नसते. मुंबईतील मोठ्या विधी संस्था बहुधा शिक्षणकाळातील आंतरवासितेतून निवड करतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ओळख व प्रत्यक्ष भेट महत्त्वाची ठरते. वडीगोद्री (ता. अंबड, जि. जालना) येथील पदवीधरास अंबड व जालना येथील न्यायालये, तसेच छत्रपती संभाजीनगर येथील उच्च न्यायालयाचे खंडपीठ हे पर्याय असतात. पहिल्या दोन ठिकाणी मराठी मसुदालेखन, तर खंडपीठात इंग्रजीवरील प्रभुत्व उपयोगी पडते.

विद्यावेतन

कनिष्ठ वकिलांना दरमहा शहरी भागात किमान २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती बंधनकारक नसल्याने आरंभीची वर्षे अनेकांना घरच्या आधारावरच काढावी लागतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. त्यामुळे न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनाही हा काळ टाळता येत नाही.