दुकानाची माहिती : भाड्याच्या वखारीत की स्वतःच्या गोदामात?

कापडाच्या धंद्यात आता लाल वहीचे दिवस गेले. बिले, उधारी-वसुली, जीएसटीचे कागद, मालाचे फोटो, जेकार्डची डिझाईन हे सारे कॉम्प्युटरमध्ये असते. कायद्यानेही ते सांभाळावे लागते. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. ज्यांचा कारभार कंपनीच्या नावाने आहे, त्यांना तर २०२२ पासून हिशेबाची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. तेव्हा ही माहिती ठेवायची कुठे, हा प्रश्न आता फक्त मोठ्या कारखानदारांचा राहिलेला नाही.

यासाठी हल्ली जी पद्धत वापरतात तिला ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात. नाव बोजड आहे, पण कापडवाल्यास समजायला सोपे आहे. गोदामातील गाठीवर नंबराची चिठ्ठी असते. नंबर सांगितला की हमाल गाठ आणून देतो, ती कोणत्या थप्पीत होती याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. येथेही तसेच आहे. प्रत्येक फाईल ही एक गाठ, तिच्यावर तिची चिठ्ठी, आणि अशा गाठी ठेवायच्या जागेला बकेट म्हणतात. मात्र गाठ सोडून आतले एक थान बदलता येत नाही, पूर्ण गाठच नवी ठेवावी लागते. म्हणून रोजची चालू खतावणी येथे चालवू नये. झालेले हिशेब, फोटो, डिझाईन आणि बॅकअप यांसाठी ही जागा उत्तम.

अशी जागा भाड्याने मिळते, त्याला पब्लिक क्लाऊड म्हणतात. ॲमेझॉनने ही सेवा २००६ मध्ये सुरू केली आणि जून २०१६ मध्ये तिचे केंद्र मुंबईत आले. तेथील नेहमीचा दर एका जीबीला महिन्याला साधारण अडीच सेंट आहे. ५०० जीबी माल ठेवला तर महिन्याचे साडेबारा डॉलर, वर जीएसटी. गुंतवणूक नाही, माणूस ठेवायला नको. पण आपण व्यापारी आहोत, वखारीचे भाडे विचारताना माल बाहेर काढण्याची हमाली विचारायला विसरू नये. महिन्याला पहिले १०० जीबी मोफत बाहेर निघतात, पुढे प्रत्येक जीबीला सुमारे ११ सेंट पडतात. तेच ५०० जीबी एका वेळी परत आणायचे तर ४४ डॉलरच्या आसपास, म्हणजे साडेतीन महिन्यांचे भाडे! फार स्वस्त अशी ‘डीप आर्काईव्ह’ नावाची जागाही आहे, पण तेथून माल हाती यायला १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

दुसरा मार्ग म्हणजे आपल्याच जागेत हे यंत्र बसवणे. त्यात माहिती अनेक डिस्कवर अशा हिशेबाने पसरतात की एक-दोन डिस्क बिघडल्या तरी काही जात नाही. इचलकरंजीत दिवसभर जड डिझाईन फाईली उघडझाप करणाऱ्याला हे परवडते, कारण हमाली नाही आणि नेट मंद असले तरी काम अडत नाही. परंतु डिस्क, वीज, बॅटरी आणि जाणकार माणूस हा खर्च कायमचा आहे. ‘सॉफ्टवेअर फुकट आहे’ असे सांगणाऱ्यांपासून जरा सावध राहावे. मिनिओ हे याच कामाचे प्रसिद्ध मोफत सॉफ्टवेअर, त्याच्या मोफत आवृत्तीतून २०२५ मध्ये कारभाराच्या पडद्यावरील बऱ्याच सोयी काढून टाकण्यात आल्या.

आणि कोल्हापुरात आणखी एक गोष्ट आहे, पाणी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच गत झाली. शाहूपुरीत पाणी शिरले, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. भिजलेले कापड वाळवून लॉटमध्ये तरी जाते. टेबलाखालच्या कॉम्प्युटरमधील उधारी अशी वाळवून मिळत नाही. तिची प्रत बहुधा त्याच टेबलाच्या खणात असते.

म्हणून भाडे की मालकी यापेक्षा दुसरी प्रत कुठे आहे हे आधी पाहावे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या क्लाऊड कंपनीचे केंद्र जळाले, आणि ज्या ग्राहकांची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती त्यांची माहिती कायमची गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात सरकारच्या स्वतःच्या केंद्राला आग लागली, तेथे ८५८ टेराबाईट माहिती गेली. वखार भाड्याची होती म्हणून वाचली नाही, आणि मालकीची होती म्हणूनही नाही.

माझ्या मते किरकोळ दुकानदाराने स्वतःच्या यंत्राच्या भानगडीत पडू नये. दुकानात एक प्रत आणि मुंबईच्या बकेटमध्ये एक, एवढे पुरे. डिझाईनवाल्याने किंवा प्रोसेसवाल्याने यंत्र घ्यावे, पण वरच्या मजल्यावर बसवावे, आणि रोज रात्री नव्या फाईलींची प्रत बाहेर पाठवावी. बकेटला ऑब्जेक्ट लॉक लावून घ्यावे. ठरवलेल्या मुदतीपर्यंत ती फाईल मग खंडणीवाल्या व्हायरसला किंवा रागावून गेलेल्या नोकराला पुसता येत नाही. पासवर्ड मुनीमजींच्या एकट्याच्या मोबाईलवर ठेवू नये. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी एकदा बकेटमधून मागच्या वर्षाचे एक बिल परत मागवून, उघडून पाहावे.