वाडीतल्या घराला गॅस: हिशेब अंतराचा

पाइपच्या गॅसचा विषय निघाला की सिंधुदुर्गात पहिला प्रश्न येतो तो दराचा: सिलिंडरपेक्षा स्वस्त पडतो का? प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी विचारायला हवे की रस्त्याखालच्या वाहिनीपासून आपल्या चुलीपर्यंत अंतर किती. घरात गॅस परवडेल की नाही, हे आपल्याकडे मुख्यतः त्यावर ठरते. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने 2018 साली वायू वितरणाच्या नवव्या फेरीत सिंधुदुर्ग जिल्ह्याचा परवाना महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडला दिला. गेल आणि भारत पेट्रोलियमने उभी केलेली, पुण्यात अनुभव घेतलेली ही कंपनी. पण पुणे आणि मालवण यांच्या वस्तीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ 5,207 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेआठ लाख, म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम 163 माणसे. कुडाळ-कणकवलीच्या एखाद्या इमारतीत एक उभा पाइप चढवला की प्रत्येक मजल्यावरच्या स्वयंपाकघराला फाटा देता येतो. मालवण तालुक्यातल्या वाडीत प्रत्येक घर आपापल्या माडांच्या आगरात, गडग्याच्या आत. दोन घरांमध्ये कातळ, व्हाळ किंवा कुणाची तरी बाग. जांभ्यात चर खणायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि तो शेवटी कुणाच्या तरी खिशातून जातो.

म्हणून जोडणी घेताना पहिल्या दिवशी भरायच्या रकमेची फोड करून पाहावी. यातली मोठी रक्कम खर्च नसून अनामत असते. नियामक मंडळाच्या 2008 च्या नियमांनुसार घरगुती ग्राहकाकडून मीटरपोटी जास्तीत जास्त 5,000 रुपयांची बिनव्याजी अनामत घेता येते आणि जोडणी बंद केली की ती पूर्ण परत द्यावी लागते. गॅसच्या वापरापोटी वेगळी अनामत असू शकते, तीही परतीचीच. हा आकडा ऐकून अनेक जण बिचकतात. पण सिलिंडरची अनामत तरी कुठे कमी आहे? जून 2022 पासून नव्या घरगुती जोडणीला 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे 2,200 आणि रेग्युलेटरला 250 रुपये भरावे लागतात. दोन सिलिंडर घेतले की 4,650 रुपये अडकतात. पाइप आल्यावर सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा केले तर आपल्या जुन्या जोडणीपत्रावर लिहिलेली अनामत परत मिळते. ज्यांची जोडणी जुनी आहे त्यांना ती थोडीच मिळेल, हे खरे. तरी ती कागदपत्रे शोधून ठेवावीत. परत न येणारे पैसे वेगळेच असतात: नोंदणीचा आकार, गिझरसाठी जादा तोंड, शेगडीतले बदल, आणि सगळ्यात मोठा म्हणजे जादा लांबीचा पाइप. ठरावीक लांबीपर्यंतचा पाइप जोडणीतच धरतात, त्यापुढच्या लांबीचे पैसे ग्राहकाने द्यायचे.

इथेच कोकणी घराची रचना आडवी येते. रस्ता पुढच्या अंगाला, खळे, पडवी, माजघर, आणि स्वयंपाकघर थेट मागीलदारी, विहिरीच्या बाजूला. पाइप पुढून आणून भिंतीभोवती फिरवत नेला तर फुकटची लांबी घराला वळसा घालण्यातच संपते. सर्वेक्षणाला माणूस येईल तेव्हा त्याला पडवीत बसवून चहा देण्याआधी मागीलदारी न्यावे. मागच्या पाणंदीतून पाइप आणता येईल का, मीटर स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर हवेशीर जागी बसेल का, हे त्याच वेळी ठरवून घ्यावे आणि लांबीचा अंदाज लेखी मागावा. किनाऱ्यालगतच्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर खाते. जस्त चढवलेल्या पाइपावरचा रंग खरवडला गेला तर तो लगेच लावून मागावा.

अंतराचा खर्च कमी करण्याचा खरा मार्ग मात्र एकट्याने अर्ज न करणे हा आहे. कंपनीच्या दृष्टीने एका घरासाठी दोनशे मीटर चर खणणे आणि त्याच चरावर पंधरा घरे जोडणे यांत मोठा फरक पडतो. वाडीने मिळून मागणी नोंदवली, ग्रामपंचायतीने रस्ता खणायची परवानगी आणि तो पूर्ववत करण्याची अट एकाच ठरावात घातली, तर वाडीचा क्रम वर येण्याची शक्यता वाढते. अडचण येते ती सामाईक सातबाऱ्याची. पाणंद एका भाऊबंदाच्या नावावर, घर दुसऱ्याच्या, तिसरा मुंबईला. घरपट्टीची पावती, वीजबिल आणि सहहिस्सेदारांचे ना-हरकत पत्र आधी जमवावे. सगळे भाऊबंद गणपतीला गावी असतात, तेव्हाच सह्या घेतलेल्या बऱ्या.

आता दराकडे येऊ. पाइपचा गॅस प्रमाण घनमीटरमध्ये मोजतात, सिलिंडर किलोत, म्हणून तुलना चुकते. उष्णतेच्या हिशेबाने 14.2 किलोचा भरलेला सिलिंडर म्हणजे सुमारे 18 घनमीटर नैसर्गिक वायू. सिलिंडरच्या किमतीला 18 ने भागावे, आलेला आकडा पाइपच्या दरापेक्षा मोठा असेल तर पाइप स्वस्त. बिलावर किमान आकार आहे का, हेही विचारावे. मीटर वाचणे अवघड नाही: काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, लाल आकडे दशांशाचे. आताच्या काळ्या आकड्यांतून मागचे वाचन वजा केले असता वापर कळतो. लाल आकडेही धरून बिल हजारपट दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. शेगडीचे तोंड मात्र बदलावेच लागते, कारण या वायूचा दाब आणि घनमीटरमागची उष्णता दोन्ही सिलिंडरच्या गॅसहून कमी असतात. हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे.

आक्षेप तीन घेतले जातात. पहिला, दर वाढले तर? वाढू शकतात. पण एप्रिल 2023 पासून देशातल्या जुन्या क्षेत्रांतल्या वायूची किंमत कच्च्या तेलाच्या दराच्या 10 टक्के ठरते आणि तिला वरची मर्यादा आहे. महाराष्ट्राने एप्रिल 2022 मध्ये मूल्यवर्धित कर 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला. दुसरा, जिल्ह्यात एकच कंपनी, मग दाद कुणाकडे मागायची? हा आक्षेप मला वजनदार वाटतो. कंपनीकडे लेखी तक्रार आणि तिथे न निभावल्यास नियामक मंडळ, हाच मुख्य मार्ग आहे, म्हणून कागद जपणे गरजेचे. तिसरा, विजेची शेगडी काय वाईट? मे 2021 च्या तौक्ते चक्रीवादळात या किनाऱ्यावर खांब कोसळून गावे दिवसचे दिवस अंधारात होती, हे इतक्यात विसरता येणार नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत तर पाइपचा वायू हवेपेक्षा हलका असल्याने उघड्या खिडकीतून वर निघून जातो. सिलिंडरचा जड गॅस जमिनीलगत साठतो.

तरीही काही घरांनी पाइपची वाट पाहू नये. मे महिना आणि चतुर्थी एवढ्यापुरते उघडणारे चाकरमान्याचे घर सिलिंडरवर नीट चालते. आणि गोठ्यात गुरे असलेल्या आडवाटेच्या घरासाठी अंतर शून्य असलेला गॅस आधीच उपलब्ध आहे. कुडाळ तालुक्यात झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने याच जिल्ह्यात गोबरगॅस गावोगाव पोहोचवला. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे 50 किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. त्यातून मिळणाऱ्या गॅसने साधारण अडीच आठवड्यांत एका सिलिंडरइतके काम होते. कोकणची उष्ण हवा टाकीला मानवते, आणि बाहेर पडणारी मळी माड-काजूला घालता येते. मर्यादा दोन: आपली गावठी गुरे अंगाने लहान, त्यामुळे शेण कमी, आणि देवबाग-तारकर्लीच्या वाळूत खड्डा खणला की पाणी लवकर लागते. टाकी बांधण्यात पैसे घालावेत की पाइपसाठी थांबावे, हा निर्णय कुटुंबाने अंधारात घेऊ नये. पुढच्या काही वर्षांत कुठल्या वाडीपर्यंत वाहिनी येणार आणि कुठल्या वाडीपर्यंत नाही, याचा नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. तो लावून घेणे जिल्हा परिषदेच्या आवाक्यात आहे.