पारावरचें मत आणि ग्रामसभेचा ठराव

जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्याचें केदारखेडा घ्या किंवा महाराष्ट्रांतील दुसरें कोणतेंहि गांव घ्या. कायद्यानें कारभार ग्रामपंचायतीचा असतो. परंतु तिची निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाहीं. त्यामुळें उमेदवार ठरविण्याचें काम भावकी, तरुणांचीं मंडळें आणि निवडणुकीपुरतीं जुळणारीं पॅनेलें यांच्याकडे जातें. दप्तरीं यांतील बहुतेकांची नोंद नसते, पण गांवांत वजन मोठें असतें.

हें वजन सर्वस्वीं वाईट नव्हे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) येथें गांवकऱ्यांच्या अभ्यासगटांनीं प्रश्नांची मोकळी चर्चा केली. निर्णय मात्र ग्रामसभेनें सर्वसहमतीनें घेतले. वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं त्या गांवास सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागें ही तयारी होती.

अनर्थ होतो तो निर्णय पारावरच उरकला जातो तेव्हां. २०११ पासून महाराष्ट्रांतील पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत. पारावरच्या बैठकींत मात्र त्यांस एकहि जागा राखीव नाहीं. तेथें जो बसत नाहीं, त्याचें गाऱ्हाणें ऐकणार कोण? म्हणून सल्लामसलत पारावर खुशाल व्हावी. ठराव मात्र सर्वांसमक्ष, ग्रामसभेंतच व्हावा.